बहुफणी

मे महिना, पारा त्रेचाळीस.
माश्यांना मात्र पंचवीसच लागतं,
म्हणून विभागातला एकुलता एक गारवा त्यांच्या नावावर,
आणि मी बाहेर, करकरत्या पंख्याखाली,
त्यांच्यासाठी मक्याच्या पिठात गूळ ढवळते.

नराच्या पुढच्या पायांवर फणी असते.
काळी, बारीक, दहा-बारा दातांची.
मधल्या पायांवर नसते. मागच्यांवर नसते.
आज बाटली क्रमांक चाळीसमध्ये एक निघाला
सहाही पायांवर फण्या घेऊन.
म्हणजे आत कुणीतरी
गप्प बसवायचं विसरलं होतं.

रात्री कुचन नगरला, घरी, फोटो दाखवला.
नान्नांनी चष्मा कपाळावर चढवला:
"फणी कुठल्या मागाची गं ही?"

म्हटलं, माशीची.
म्हटलं, प्रत्येक पेशीत सगळी नक्षी असते, नान्ना.
डोळ्यात यकृताची, पायात पंखाची,
अख्ख्या चादरीचा हिशेब एकेका धाग्यात.
सगळंच एकदम बोलायला लागलं
तर माणूस व्हायचा नाही, गड्ड्याची जत्रा होईल.
म्हणून प्रथिनांची एक टोळी फिरते,
एकटं कुणी नाही, चार-पाच जण हातात हात अडकवून.
डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो
त्या रिळांना शेपट्या असतात.
शेपटीवर सत्ताविसाव्या जागी
ते तीन बारक्या गाठी मारतात.
मागून दुसरी टोळी येते, गाठी चाचपते,
तेवढा पन्हा घडी घालून दाबून ठेवते.
खोडत नाहीत. फाडत नाहीत.
अक्षर न् अक्षर जागेवर,
वाचायला फट तेवढी नाही.

"बिनभोकाचं कार्ड," नान्ना म्हणाले.
"भोक नाही तिथं हूक उठत नाही.
हूक असतोय की. दोराबी असतोय."
एकतीस वर्षं जॅकार्डची कार्डं पाडली त्यांनी,
मोराच्या एका डोळ्यासाठी आठवडा.
कारखाना मिटला; कार्डं माळ्यावर आहेत,
सुतळीनं बांधलेली, उंदरांनी नवी भोकं पाडलेली.

कार्ड कापडाबाहेर असतं, मी म्हणणार होते.
इथं गाठ सुताच्या अंगावरच बसते.
पण त्यांनी आधीच विचारलं,
"मग सुटत नाही व्हय ती?"

सुटते कधीकधी. सोडवणारेही असतात.
नाही सुटली, तर पेशी दुभंगताना
कन्यापेशीतही जाते.
कुणी शिकवावं लागत नाही.

कन्या, ते म्हणाले. आणि बराच वेळ काहीच नाही.

मी सहा वर्षांची असताना, शाळेच्या फाटकाशी,
त्यांनी माझी रिबीन घट्ट केली होती:
"आता मराठीच. घरीबी."
तेव्हापासून माझ्याशी तेलुगूत
ते एक शब्द बोलले नाहीत.
अम्माशी बोलायचे, मी झोपले असं वाटल्यावर,
खालच्या आवाजात, काही चोरल्यासारखे.
मागाला मग्गम म्हणतात एवढं ठाऊक आहे मला.
फणीला काय म्हणतात, विचारलं नाही कधी.

तेवढ्यात लाईट गेली.
गल्लीतले उरलेसुरले दोन पॉवरलूमही थांबले
आणि कान एकदम मोकळे झाले.
नान्नांनी मोबाईलचा उजेड फोटोवर धरला,
बोटाच्या नखानं दात मोजू लागले,
आपल्याआपणच, जसे तार मोजायचे:
ओकटि, रेंडु, मूडु,
नालुगु...

मी हलले नाही.
आतल्या अंधारात विड्या वळणारी अम्मा
त्याच भाषेत काहीतरी म्हणाली.
एक दात सुटला, पुन्हा मोजा,
असं म्हणाली ती.
आणि हे मला समजलं आहे
हे मला
जरा उशिरा समजलं.